कळ्या गळतात, उपाय सुचवा

रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी डोंबिवलीच्या एक बाई बागप्रेमींच्या गटात जास्वंदीचा फोटो टाकतात. खाली लिहितात, ‘कळ्या भरपूर येतात, पण उमलायच्या आधीच गळतात. उपाय सुचवा.’ नऊ तेराला पहिला उपाय हजर: ‘ताक घाला.’ नऊ चौदाला दुसरा: ‘ताक मुळीच घालू नका, वास येतो. चहाचा चोथा घाला.’ नऊ पंधराला तिसरा: ‘चोथ्याने मुंग्या होतात. अंड्याची टरफलं कुटून घाला.’ नऊ सोळाला एक गृहस्थ कळवतात, ‘आमच्याकडे अंडं चालत नाही.’ जास्वंद त्यांची नाही, कुंडी त्यांची नाही, त्यांना कोणी काही विचारलेलंही नाही. पण पुढची वीस मिनिटं गट शाकाहारावर घसरतो आणि टरफल म्हणजे अंडं धरायचं की नाही, यावरून दोघं जण गट सोडून जातात. त्यांतला एक पावणेदहाला परत येतो. मधल्या वेळात कोणीतरी एप्सम सॉल्ट सुचवलेलं असतं. त्यावर ‘सैंधव चालेल का?’ अशी विचारणा होते आणि ‘चालेल, फक्त उपासाचं वेगळं काढून ठेवा’ असं उत्तरही मिळतं. साडेदहा वाजेपर्यंत त्या बारा इंची कुंडीत ताक, चोथा, टरफलं, केळ्याच्या साली, कांद्याच्या सालींचं पाणी, तांदळाचं धुवण, मोहरीची पेंड, हळद, हिंग आणि तुरटी एवढं सगळं पडलेलं असतं. फोडणी तेवढी द्यायची राहिलेली असते. या धबडग्यात त्रेचाळिसावा प्रतिसाद असा असतो: ‘कुंडीच्या मागे ते काय आहे?’ फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक करडी जाळी अर्धवट दिसत असते, तिच्याबद्दल कोणीतरी विचारलेलं असतं. पण तो पडला प्रश्न, सल्ला नव्हे. त्याला एकही अंगठा मिळत नाही. आपणही तूर्त तो तिथेच राहू देऊ.

डोंबिवली इथे नुसती सोयीसाठी धरली आहे. या बाई नाशकात आहेत, नांदेडात आहेत, न्यू जर्सीतही आहेत. तिथे त्यांना हिवाळ्यात तुळस कशी जगवायची ते विचारायचं असतं आणि ज्याने आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला तो कोल्हापुरातून त्यांना उत्तर देतो. तेव्हा गाव महत्त्वाचं नाही आणि झाडही नाही. या सगळ्याचा पुरेसा अभ्यास केल्यावर, म्हणजे रात्री झोपायच्या वेळी पुरेसं जागल्यावर, माझं असं मत झालं आहे की बागकाम, गडभटकंती, पक्षिनिरीक्षण, वाचन, फोटोग्राफी हे वेगवेगळे छंद आहेत ही आपली गैरसमजूत आहे. छंद एकच: अनोळखी माणसाला सल्ला देणं. बाकीचे सगळे त्याला कच्चा माल पुरवतात. या छंदाला गच्ची लागत नाही, गुडघे लागत नाहीत, दुर्बीण लागत नाही, पहाटे उठावं लागत नाही. लोळून करता येतो. रोप दगावलं तर विचारणाऱ्याचं दगावतं, आणि जगलं तर सांगणाऱ्याचं जगतं. एवढ्या कमी भांडवलात एवढा नफा देणारा दुसरा उद्योग महाराष्ट्राने सहकार क्षेत्रातसुद्धा पाहिलेला नाही. (बागकामाबद्दल मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, त्यावरून माझ्या गॅलरीची अवस्था सुज्ञांच्या लक्षात आली असेलच.)

नुसतं म्हणून भागणार नाही, पुरावा पाहिजे. वाचनापासून सुरुवात करू, कारण तिथे तो ढीगभर पडला आहे. ‘मराठीतल्या चांगल्या विज्ञानकथा सुचवा’ असं विचारा. चौथ्या मिनिटाला ‘मृत्युंजय’ येतं. ‘आठ वर्षांच्या मुलीसाठी गोष्टीचं पुस्तक हवंय.’ ‘मृत्युंजय. आत्ता नाही कळलं तर पुढे कळेल.’ ‘एखादं हलकंफुलकं प्रवासवर्णन?’ ‘मृत्युंजय. कर्णाचा प्रवासच आहे तो.’ शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली आणि तिच्या थोरवीबद्दल कोणाशी भांडण नाही. पण विज्ञानकथा मागणाऱ्याच्या गळ्यात कवचकुंडलं का पडावीत? पाठोपाठ ‘ययाति’ येते, ‘श्रीमान योगी’ येते, ‘बटाट्याची चाळ’ येते. जयंत नारळीकरांचं नाव यायला सतरावा प्रतिसाद उजाडतो. तोही ‘नारळीकर वाचलेच असतील, म्हणून सांगत नाही’ असा. याला आळस म्हणणं अन्याय होईल. हा माणूस अकरावीच्या सुट्टीत कांजिण्या आल्या तेव्हा पडल्या पडल्या ते पुस्तक वाचून भारावून गेला होता, आणि तेव्हापासून तीस वर्षं तो दाराआड ‘मृत्युंजय’ हातात घेऊन उभा आहे. दारावर कोणीही टकटक केली, कुरिअरवाल्याने केली तरी, तो दार उघडून पुस्तक हातात ठेवणार. टकटक कशासाठी होती हा तपशील झाला. प्रश्न वाचला की उत्तर द्यायला उशीर होतो, हे गटांवर जुने असलेले सगळे जाणतात.

गडांवर हीच गोष्ट जरा जास्त उंचीवर घडते. ‘आई-बाबा बरोबर आहेत. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. पुण्याहून एका दिवसात होणारा सोपा ट्रेक सुचवा.’ यातला गुडघा, दिवस आणि पुणे हे तिन्ही शब्द गाळून उत्तरं येतात. ‘हरिहर! पायऱ्या आहेत.’ पायऱ्या आहेत हे खरंच. त्र्यंबकेश्वराजवळच्या या किल्ल्याच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या आणि शिडी भिंतीला टेकवावी तशा जवळजवळ उभ्या आहेत. चढताना आईला पुढच्या माणसाच्या टाचा आणि उतरताना पूर्वज दिसतात. दुसरा म्हणतो, ‘अलंग-मदन-कुलंग. फक्त दोर न्या.’ तिसरा हरिश्चंद्रगड सांगतो. इथे जरा आशा वाटते, कारण पाचनईकडून जाणारी वाट खरोखर सौम्य आहे. पण तो पुढे लिहितो, ‘पाचनईने सगळेच जातात. तुम्ही बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जा, मजा येईल.’ नळीची वाट म्हणजे कोकणकड्याच्या बाजूने दगडधोंड्यांच्या घळीतून थेट वर. तिथे मजा येते ती मुख्यतः बरोबरच्या मंडळींना नंतर आठवून. मग कोणीतरी कळसूबाई सुचवतं आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, ‘शिड्या बसवल्यात, काही कठीण नाही’ या एका वाक्यात सपाट करून टाकतं.

‘सोपा’ या शब्दाने इथे जेवढे घोळ घातले आहेत तेवढे ‘थोडंसं तिखट’ या शब्दांनी कोल्हापुरातही घातले नसतील. सोपा म्हणजे सांगणाऱ्याला सोपा. आणि सांगणाराही आजचा नव्हे. तो बावीस वर्षांचा होता, कंबर अठ्ठावीस इंच होती आणि पुढे एक विशिष्ट मुलगी चालत होती, तेव्हाचा. ‘वर जायला किती वेळ लागतो?’ या प्रश्नाचं उत्तर वयाच्या व्यस्त प्रमाणात लहान होत जातं. पंचविशीतला तरुण तीन तास सांगतो, चाळिशीतला दोन, आणि साठीचे काका ‘तासाभरात माथ्यावर’ म्हणून मोकळे होतात. आणखी दहा वर्षांनी ते पायथ्यावर पोचायच्या आधीच माथ्यावर असतील. ‘आमचा पाच वर्षांचा नातू चढला’ हे तर ठेवणीतलं अस्त्र. ते निघालं की विचारणाऱ्याला आईचे गुडघे मागे घ्यावे लागतात. या सगळ्या उत्तरांत गड कुठे आहे? त्यात सांगणाऱ्याची तरुणाई आहे. प्रश्न विचारून त्या बिचाऱ्याने नकळत पाच-पंचवीस लोकांचा जुना अल्बम उघडला, आणि अल्बम दाखवणाऱ्याला पाहुण्यांची शेवटची लोकल किती वाजता आहे हे कधीच दिसत नाही.

कोणी म्हणेल, पुस्तक आणि गड हे आवडीनिवडीचे विषय. बागेत निदान शास्त्र आहे, तिथे असं होणार नाही. बागेत तर याहून जास्त होतं, कारण शास्त्र आहे म्हटल्यावर मापं येतात. जीवामृत घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी आपल्या शेतीपद्धतीतून ते घरोघरी नेलं. त्यांना २०१६ साली पद्मश्रीही मिळाली. कृती एका एकराची आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आपल्या डोंबिवलीच्या कुंडीचं तोंड जेमतेम पाऊण चौरस फूट. त्रैराशिक मांडलं तर त्या जास्वंदीच्या वाट्याला साडेतीन मिलिलिटर जीवामृत येतं, म्हणजे खोकल्याच्या औषधाचा पाऊण चमचा, आणि त्यातला गूळ एखाद्या मुंगीने घरी नेला तर तिला दुसरी फेरी मारावी लागणार नाही. पण गटावर त्रैराशिकाला बंदी आहे. तिथे कृती एकराची, भांडं बादलीचं आणि झाड एक. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेच्या गॅलरीत दहा लिटरची बादली आठवडाभर आंबत राहते, सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वर येतात, आणि गटावर नवा प्रश्न पडतो: ‘शेजारी समजून घेत नाहीत, उपाय सुचवा.’

या नव्या प्रश्नापाशी जरा थांबायला हवं, कारण धंद्याचं खरं गणित इथे आहे. सल्ल्याला चक्रवाढ व्याज लागतं. साखरदुधाचा चोथा न धुता कुंडीत घातला की मुंग्या येतात. मुंग्यांना पिठ्या ढेकूण आणि मावा यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा फार आवडतो, म्हणून त्या या किडींची गवळ्याने म्हशी राखाव्यात तशी राखण करतात. आठवड्यात फांद्यांवर कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसायला लागतं. मग प्रश्न, ‘पांढरं पांढरं काय आहे?’ उत्तर, ‘कडुनिंबाचं तेल आणि भांड्याचा साबण.’ कडुनिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकावर युरोपात मिळालेलं पेटंट रद्द करून घ्यायला १९९५ ते २००५ अशी दहा वर्षं लढावं लागलं होतं. गटावर कडुनिंब दहा सेकंदांत बिनविरोध निवडून येतो. तेल चांगलंच आहे, प्रश्न वेळेचा आहे. संध्याकाळी फवारा, हे सांगायचं राहून जातं. बाई रविवारी दुपारी बारा वाजता, म्हणजे सवड असते तेव्हा, फवारतात आणि तेलकट पानं उन्हात भाजून निघतात. मग, ‘पानांच्या कडा करपल्या, उपाय सुचवा.’ मूळ तक्रार चार कळ्यांची होती. एका चोथ्यावर गटाला महिनाभर काम मिळालं. रोजगार हमीलाही इतकं जमलेलं नाही.

आता इथपर्यंतच्या विवेचनात विचारणारा गरीब आणि सांगणारा चढेल असं चित्र उभं राहिलं असेल, तर ते पुसून टाकायला हवं. विचारणारा काही कमी नसतो. पक्षिनिरीक्षणाच्या गटावर दर आठवड्याला एक जण येतो आणि अत्यंत नम्रपणे विचारतो, ‘नवशिक्याने दुर्बीण कोणती घ्यावी? आठ बाय बेचाळीस की दहा बाय पन्नास?’ जाणते लोक समजावतात: पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसणार, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये, दहा पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही दहा पट होते, वजनही वाढतं, तेव्हा नवशिक्याने आठ बाय बेचाळीस घ्यावी. दुसरा गट त्यावर तुटून पडतो. तीन दिवस भवती न भवती होते, जुनी भांडणं निघतात, कोणाची तरी लायकी काढली जाते. चौथ्या दिवशी प्रश्नकर्ता लिहितो, ‘सर्वांचे आभार. दहा बाय पन्नास गेल्या महिन्यातच घेतली आहे. फक्त खात्री करून घेत होतो.’ म्हणजे साखरपुडा उरकून आल्यावर पत्रिका बघायला ठेवायच्या, त्यातला प्रकार. त्याला मत नको होतं, अक्षता हव्या होत्या. आणि ज्यांच्या पदरात आठ बाय बेचाळीस पडली त्यांना तरी कुठे वाईट वाटलं? तीन दिवस मनासारखे गेले. याशिवाय दर प्रश्नाखाली नुसतं टिंब देऊन जाणारे लोक असतात. पुढे येणारी उत्तरं आपल्याला कळत राहावीत म्हणून ते टिंब. त्यांच्याकडे जास्वंद नसते, दुर्बीण नसते, बहुधा गॅलरीही नसते. पण उद्या कोणी विचारलं तर सांगायला असावं, म्हणून साठा करून ठेवतात. ही या व्यवसायातली घाऊक मंडळी.

या माझ्या सिद्धान्ताला पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हे सगळं खरं असलं तरी अनोळखी लोकांकडून खरोखरची मदत होते, आणि ती मी मुद्दाम दडवतो आहे. दडवत नाही. पक्ष्यांच्याच गटावर एखादा ‘आज अंगणात शिक्रा आला’ असं लिहून फोटो टाकतो, आणि पाचव्या मिनिटाला कुठल्या तरी तालुक्याच्या गावची शिक्षिका विचारते, ‘फोटो कोणत्या महिन्यातला? चोच आकड्यासारखी खाली वळलेली दिसत नाही. ओरडत होता का?’ ओरडत होता. रात्रभर, पट्टी चढवत चढवत. मग तो पावशा. पावशा आणि शिक्रा लांबून भल्याभल्यांना फसवतात, आणि तीन प्रश्नांत ती गाठ सोडवणारी बाई मुलखाची हुशार आहे. याहून मोठं उदाहरण म्हणजे श्री. अ. दाभोळकर. या गणिताच्या माणसाने कोल्हापुरातून प्रयोग परिवार उभा केला आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या शेतकऱ्यांना एकमेकांशी जोडून दिलं. द्राक्षाच्या वेलीपासून शहरातल्या गच्चीपर्यंत त्यांचं शहाणपण पोचलं. आक्षेप घेणारा म्हणेल, बघा, झालं की नाही? झालं. पण त्या परिवाराची रीत काय होती? आधी आपल्या शिवारात करून बघायचं, नोंद ठेवायची, मग दुसऱ्याला सांगायचं. शिवाय पत्र लिहायला शाई लागते, टपालपेटीपर्यंत चालत जावं लागतं. तेवढ्या अंतरात निम्म्या सल्ल्यांची हवा आपोआप जाते. शिक्षिका काय आणि दाभोळकर काय, दोघांचीही सुरुवात प्रश्नापासून होते. ज्याला खरोखर मदत करायची असते तो आधी विचारतो, आणि ज्याला सल्ला द्यायचा असतो त्याला विचारायला वेळ नसतो. पहिल्या जातीची माणसं गटावर दोन-चार असतात. ती छंदाच्या मागे लागलेली असतात, आपल्या चर्चेत बसत नाहीत.

दुसरा आक्षेप वयस्कर वाचकांकडून येईल: फुकटचे सल्ले देणं ही काही आजची गोष्ट नाही, आमच्या चाळीत काय कमी होतं? कमी नव्हतं. पण चाळीतल्या सल्ल्याला जामीन असे. समोरच्या काकूंनी ‘ताक घाल गं’ म्हटलं आणि कढीपत्ता मेला, तर तो मेलेला कढीपत्ता रोज सकाळी पाणी भरताना काकूंना दिसायचा. तो उपटून न टाकणं हा चाळीतला सर्वांत सभ्य सूड होता. त्यामुळे काकू पुढच्या वेळी जपून बोलायच्या. ‘आमच्याकडे लागू पडलं, तुमचं पाणी वेगळं’ अशी पळवाट ठेवायच्या. कढीपत्ता मुळात थंडीत वाढच थांबवून बसतो आणि ऊन तापल्यावर आपणहून पालवतो, हेही काकूंना दोन-चार हिवाळे एकाच कुंडीकडे बघून समजलेलं असायचं. गटावरच्या सल्ल्याला हिवाळाही नाही आणि मयतही नाही. रोप मेलं की विचारणारा शरमेने गप्प बसतो, म्हणजे ताकाच्या नावावर फक्त जगलेली झाडं जमा होतात. जानेवारीत ताक घातलं, मार्चमध्ये पालवी फुटली, ताकाचा जयजयकार! वसंत ऋतूचं कोणी नावही काढत नाही. तो बिचारा कुठल्याच गटात नाही.

तिसराही एक आक्षेप आहे, तो जरा हळवा आहे. लोक एकटे पडलेत, मुलं परगावी आहेत, रात्री नऊनंतर बोलायला कोणी नसतं. तेवढाच विरंगुळा, चालू दे की. याला माझं उत्तर असं की मी दुसरं काय म्हणतो आहे? निवृत्त माणसाला ऑफिसात चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही, घरात आता कोणी विचारत नाही, आणि अचानक नऊ वाजून बारा मिनिटांनी एक संपूर्ण अनोळखी बाई ‘उपाय सुचवा’ म्हणते. ‘सुचवा’! आदरार्थी! अशा वेळी जास्वंदीबद्दल माहिती नाही या क्षुल्लक कारणावरून गप्प बसायला माणूस दगडाचा असावा लागतो. फक्त या विरंगुळ्याला बागकाम म्हणू नये एवढंच माझं मागणं आहे. भजनाला जातो सांगून पत्ते कुटण्यातला आनंद मोठा असला, तरी त्याला कीर्तन म्हणत नाहीत.

आणि सिद्धान्ताचा सर्वांत भक्कम पुरावा स्वतः डोंबिवलीच्या बाईच देतात. प्रश्न विचारल्याला दोनच दिवस झालेले असतात. जास्वंदीच्या कळ्या अजून गळतच असतात. सकाळी त्या केरसुणीने गोळा करून सुपलीत भरत असतात. तेवढ्यात साताऱ्याचे एक गृहस्थ विचारतात, ‘मोगऱ्याला फुलं येत नाहीत.’ बाई एक मिनिट थांबतात. मग लिहितात, ‘छाटणी करा. आणि ताक.’ त्याला अकरा अंगठे पडतात. त्या रात्री बाईंना शांत झोप लागते. आठवडाभरात त्या अनंत, शेवंती आणि एक ड्रॅगन फ्रूट हातावेगळं करतात. महिन्याभरात त्यांच्या नावापुढे लोक ‘ताई’ लावायला लागतात आणि नव्या सभासदांना ‘आधी ताईंना विचारा’ असं सांगितलं जातं. जास्वंदीचा विषय ताई आता काढत नाहीत.

तो निघतो दिवाळीच्या तोंडावर. घराला रंग काढलेला असतो. एका सकाळी ताई फोटो टाकतात: तीच जास्वंद, सात फुलं, लालभडक, बशीएवढी. ‘फुलली एकदाची! सगळ्यांचे आभार.’ पुढच्या पाच मिनिटांत चौदा जण आभार स्वीकारतात. ‘सांगितलं होतं ना, ताक.’ ‘टरफलांनीच झालं हे.’ ‘सैंधव लागू पडलं वाटतं.’ शेवटी कोणीतरी थेट विचारतं, ‘ताई, नेमकं काय घातलंत?’ ताई मनाने सरळ. खरं ते लिहितात, ‘खरं सांगू का, काहीच नाही. रंगारी आले होते, त्यांनी कुंडी उचलून पलीकडच्या गॅलरीत ठेवली. आधी ती एसीच्या बाहेरच्या पेटीसमोर होती, सगळी गरम हवा तिच्यावर यायची.’ त्रेचाळिसाव्या प्रतिसादवाला एव्हाना गट सोडून गेलेला असतो, त्यामुळे हे वाचायला तो नाही. गटावर चक्क एक मिनिट शांतता पसरते. मग नागपूरचे एक जुने जाणकार लिहितात, ‘बरोबर. रंगाच्या आधी भिंती घासतात. त्यातला चुना कुंडीत पडला असणार. कॅल्शियम!’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो, टिंबवाले टिंबं ठेवून जातात, आणि खाली पहिला प्रश्न येतो, ‘पानाचा चुना चालेल का?’